परदेशी डिस्क चालवणारा प्लेअर घेताय? दुकानाआधी डिस्कचा ढीग तपासा

नौपाड्यापासून खारघरपर्यंत अनेक घरांत हे घडताना पाहतो. मुलगी न्यू जर्सीहून डिस्क पाठवते किंवा मुलगा लंडनहून येताना घेऊन येतो. घरचा प्लेअर ती डिस्क घेत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘रिजन फ्री प्लेअर घ्या, सगळं चालेल.’ प्लेअर येतो, आणि त्यावर अमेरिकेची डीव्हीडी चालते, पण ब्लू-रे चालत नाही. किंवा डिस्क चालते, पण चित्र काळं-पांढरं दिसतं. काही घरांत तर परदेशातून आणलेला प्लेअर प्लग लावताक्षणी जळतो.

याचं कारण एकच. रिजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी हे ठरवणारं कुलूप, ही अनेक अडथळ्यांपैकी फक्त एक अडचण आहे, आणि बहुतेक जण तेवढीच तपासतात. डिस्क कुठल्या प्रकारची, तिच्यावरचं चित्र कुठल्या पद्धतीचं, टीव्हीला कुठली वायर लागते, वीज किती व्होल्टची, या सगळ्याचा मेळ बसला तरच चित्र दिसतं. म्हणून क्रम पाळा: आधी डिस्क, मग टीव्ही, मग वीज आणि शेवटी प्लेअर.

टप्पा १: डिस्क बाहेर काढा आणि ढीग लावा

या टप्प्याला संध्याकाळभर वेळ गेला तरी चालेल, कारण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. घरात असतील तेवढ्या डिस्क टेबलावर घ्या आणि प्रत्येकीच्या कव्हरची मागची बाजू बघा. तिथे बारीक अक्षरांत तीन गोष्टी सापडतात.

पहिली म्हणजे प्रकार: डीव्हीडी, ब्लू-रे की ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे. दिसायला तिन्ही चकत्या सारख्याच असतात, त्यामुळे लोगो वाचल्याशिवाय अंदाज करू नका. डीव्हीडी प्लेअरमध्ये ब्लू-रे चालत नाही. ब्लू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडी चालते. ४के डिस्कला ४के प्लेअरच लागतो.

दुसरी म्हणजे रिजन. डीव्हीडीवर पृथ्वीगोलाच्या छोट्या चित्रात आकडा असतो, ब्लू-रेवर ए, बी किंवा सी असं अक्षर. इथे मोठा घोटाळा होतो: डीव्हीडीचे आकडे आणि ब्लू-रेची अक्षरं या दोन स्वतंत्र विभागण्या आहेत. जपान आणि ब्रिटन डीव्हीडीसाठी एकाच रिजनमध्ये येतात, ब्लू-रेसाठी वेगवेगळ्या.

तिसरी म्हणजे चित्राची पद्धत, पॅल किंवा एनटीएससी. ही डीव्हीडीसाठी फार महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच कुणी बघत नाही.

आपल्याकडे नातेवाईक ज्या देशांतून डिस्क पाठवतात, त्यांचं साधारण गणित असं:

- अमेरिका, कॅनडा: डीव्हीडी १, एनटीएससी; ब्लू-रे ए
- ब्रिटन, जर्मनी: डीव्हीडी २, पॅल, ब्लू-रे बी
- दुबई आणि आखाती देश: डीव्हीडी २, पॅल, ब्लू-रे बी
- जपान: डीव्हीडी २, एनटीएससी, ब्लू-रे ए
- सिंगापूर: डीव्हीडी ३, ब्लू-रे ए
- ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: डीव्हीडी ४, पॅल; ब्लू-रे बी
- भारत: डीव्हीडी ५, पॅल, ब्लू-रे सी
- चीन: डीव्हीडी ६, पॅल; ब्लू-रे सी

गोलात ‘०’ किंवा ‘ऑल’ लिहिलेलं असेल तर त्या डिस्कला रिजनचं बंधन नाही. परदेशात विकल्या जाणाऱ्या आपल्या हिंदी पिक्चरच्या अनेक डीव्हीडी अशाच असतात, पण त्यांतल्या बऱ्याच एनटीएससी पद्धतीच्या निघतात.

ब्लू-रेच्या ढिगात एक चांगली बातमी मिळू शकते. बऱ्याच ब्लू-रेवर तिन्ही अक्षरं छापलेली असतात, म्हणजे त्या आपल्याकडच्या साध्या प्लेअरवरही चालतात. ४के डिस्कला तर मुळात रिजन कोडच नसतो. मात्र ४के पाकिटात बऱ्याचदा सोबत साधी ब्लू-रे येते, तिला कोड असू शकतो. दोन्ही चकत्या वेगवेगळ्या मोजा.

इशारा: अमेरिकेतल्या भाच्याच्या मुंजीची किंवा लग्नाची डीव्हीडी आली असेल तर तिला रिजन कोड नसतो. ती इथे चालली नाही तर दोन शक्यता आधी तपासा. एक, ती एनटीएससी आहे आणि तुमचा टीव्ही ते चित्र घेत नाही. दोन, रेकॉर्डरवर बनवलेली डिस्क ‘फायनलाइज’ केलेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी शेवटी बंद केलेली नाही. न केलेली डिस्क ज्या यंत्रावर बनली त्याखेरीज इतर ठिकाणी बहुधा उघडत नाही, आणि जगातला कुठलाही मल्टी-रिजन (अनेक रिजनच्या डिस्क घेणारा) प्लेअर त्यावर उपाय नाही. पाठवणाऱ्यालाच फोन करून ती फायनलाइज करायला सांगा.

तपासणी: आता एका कागदावर लिहा. ‘डीव्हीडी, रिजन १, एनटीएससी: इतक्या. ब्लू-रे, बी: इतक्या.’ हा कागद दुकानात सोबत न्यायचा आहे.

टप्पा २: लॅपटॉपवर भागतंय का बघा

फक्त चार-पाच डीव्हीडी असतील आणि घरात डिस्क ड्राइव्ह असेल, तर नवा प्लेअर कशाला? पण घाई करू नका. २००० सालापासूनच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या बदलानंतर जो रिजन असेल तो कायमचा. यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या ड्राइव्हलाही हाच नियम लागू आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या की डीव्हीडी रिजनच्या पानावर किती बदल उरलेत ते दिसतं.

स्क्रीनवर ‘रिजन बदलायचा का’ असं विचारलं की अनेक जण सरळ ‘ओके’ दाबतात. आज अमेरिकेची, उद्या इथली, परवा लंडनची, असं करत आठवड्याभरात पाच बदल संपतात. सरळ मार्ग असा: एक ड्राइव्ह एकाच परदेशी रिजनला वाहून टाका आणि इथल्या डिस्क घरच्या प्लेअरवर बघा. व्हीएलसीसारख्या सॉफ्टवेअरवर काही ड्राइव्हमध्ये रिजन न बदलताही डीव्हीडी चालते, पण सगळ्या ड्राइव्हमध्ये नाही. करून बघायला हरकत नाही, त्यावर विसंबून राहू नका.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे म्हणून निश्चिंत असाल तर थांबा. गेमच्या डिस्क बहुधा कुठल्याही देशाच्या चालतात, पण पिक्चरच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेला तिथे रिजनचं कुलूप असतं. गेम चालला म्हणून पिक्चर चालेल हा हिशेब चुकतो.

टप्पा ३: टीव्हीच्या मागे टॉर्च मारा

भिंतीवर लावलेला टीव्ही असेल तर हे काम कंटाळवाणं आहे, तरी कराच. बघायचं एवढंच: एचडीएमआयचं भोक मोकळं आहे का, आणि जुनी पिवळी-पांढरी-लाल वायर घेणारं सॉकेट आहे का.

स्वस्त डीव्हीडी प्लेअरमध्ये कित्येकदा फक्त तीन रंगांची वायर असते. उलट, अलीकडच्या अनेक टीव्हींत ती तीन सॉकेटं नसतात. त्याऐवजी हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि त्यासाठी वेगळी जोडवायर लागते. काही टीव्हींवर पिवळ्या रंगाचं सॉकेटच नसतं. तिथे पिवळा प्लग हिरव्या सॉकेटमध्ये जातो, आणि त्या हिरव्या सॉकेटभोवती पिवळी कड किंवा ‘व्हिडिओ’ असा शब्द असतो. हे न कळल्यामुळे चांगला प्लेअर ‘बिघडलेला’ म्हणून दुकानात परत गेलेला मी पाहिला आहे.

ब्लू-रेच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे. २०१३ नंतरच्या ब्लू-रे प्लेअरमधून चित्र फक्त एचडीएमआयने बाहेर येतं. टीव्हीला एचडीएमआय नसेल तर आधी टीव्ही, मग ब्लू-रे.

पद्धतीचा मुद्दा टीव्हीलाही लागू आहे. आपल्याकडे विकले जाणारे एलईडी टीव्ही पॅल आणि एनटीएससी, म्हणजे ५० आणि ६० हर्ट्झ, दोन्ही घेतात. अडचण येते ती अमेरिकेहून घरसामानासोबत आणलेल्या टीव्हीची. असे टीव्ही बऱ्याचदा ५० हर्ट्झचं चित्र घेतच नाहीत. परत आलेल्या कुटुंबांनी हे विशेष तपासावं. अशा टीव्हीसाठी प्लेअरमध्येच पॅलचं एनटीएससी करून देण्याची सोय असली पाहिजे. जुना डबा टीव्ही असेल तर त्याच्या मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ आहे का ते बघा.

टप्पा ४: विजेचं लेबल वाचा

परदेशातून आणलेला प्लेअर उलटा करा किंवा मागे बघा. चांदीच्या किंवा काळ्या पट्टीवर ‘इनपुट’ पुढे काय लिहिलंय?

- १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ: थेट आपल्या सॉकेटला चालेल, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागेल.
- फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ: अमेरिकेपुरता. थेट लावला तर जळेल.
- फक्त १०० व्होल्ट: जपानपुरता. तोच धोका.

इशारा: पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तो फक्त प्लगचा आकार जुळवतो. आपल्या घरी २३० व्होल्ट येतात. १२० व्होल्टच्या यंत्राला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो लेबलवरच्या वॉटपेक्षा भरपूर जास्त क्षमतेचा घ्यावा.

माझं स्पष्ट मत: ट्रान्सफॉर्मर लावायची वेळ येत असेल तर तो प्लेअर घेऊच नका. अमेरिकी बाजारासाठी बनलेले अनेक प्लेअर पॅल डीव्हीडीही घेत नाहीत, म्हणजे विजेचा उपाय झाला तरी लंडनच्या आणि इथल्या डिस्क अडतात. नातेवाईक आणायला निघालेच असतील तर निघण्याआधी या पट्टीचा फोटो मागवा. पाकिटावरचा मजकूर पुरेसा नाही.

टप्पा ५: कुठल्या जातीचा प्लेअर ते ठरवा

आता कागद समोर ठेवा.

ढिगात फक्त डीव्हीडी असतील तर साधा डीव्हीडी प्लेअर घ्या. इथल्या बाजारातले बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेअर कारखान्यातूनच सगळ्या रिजनना मोकळे येतात, किंवा रिमोटवरून ठराविक बटणं दाबून मोकळे करता येतात. पॅल देशासाठी बनलेले असल्यामुळे बहुतेक जण एनटीएससीही दाखवतात. डीव्हीडीसाठी महागडा मल्टी-रिजन ब्लू-रे प्लेअर घेणं म्हणजे वायफळ खर्च.

ब्लू-रे असतील, आणि त्या खरोखर ए किंवा बी अक्षराच्या असतील, तरच मल्टी-रिजन ब्लू-रे प्लेअरकडे वळा. इथे विक्रेत्याचे शब्द नीट ऐका. ‘मल्टी-रिजन ब्लू-रे प्लेअर’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो, ‘हा ब्लू-रे प्लेअर आहे आणि त्यात सगळ्या रिजनच्या *डीव्हीडी* चालतात.’ ब्लू-रेच्या अक्षरांचं कुलूप तसंच असतं. डीव्हीडीचं कुलूप रिमोटच्या बटणांनी उघडणं तुलनेने सोपं. ब्लू-रेचं उघडायला बहुधा आत वेगळी चिप बसवावी लागते किंवा फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलावं लागतं.

म्हणून प्रश्न असा विचारा: “भाऊ, बी अक्षराची ब्लू-रे यात चालेल का? चालत असेल तर ए वरून बी वर कसं जायचं ते करून दाखवा.” उत्तर ‘सगळं चालतं ओ’ असं आलं तर ते उत्तर नव्हे. जाणकार माणूस रिमोट हातात घेऊन बटणं दाखवतो.

त्यालाच आणखी चार गोष्टी विचारून घ्या. रिजन आपोआप बदलतो की प्रत्येक वेळी हाताने? फर्मवेअर अपडेट केल्यावर हा बदल टिकतो का? वॉरंटी कुणाची, कंपनीची की दुकानदाराची? ब्रिटनच्या ब्लू-रेवरचं ५० हर्ट्झचं चित्र तो बाहेर देतो का? शेवटचा प्रश्न अनेकांना जास्तीचा वाटतो, पण अमेरिकी प्लेअरमध्ये फक्त अक्षराचं कुलूप काढलेलं असेल तर ब्रिटिश डिस्कवरचा मुख्य पिक्चर चालतो आणि सोबतच्या मुलाखती किंवा टीव्ही मालिका अडकतात.

मॉडेल नंबर पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. तोच प्लेअर वेगवेगळ्या देशांत विकताना कंपन्या शेवटची अक्षरं बदलतात, आणि आतला रिजन, वीज आणि पद्धतही बदलते. इंटरनेटवर सापडलेला रिमोट कोड दुसऱ्या देशाच्या मॉडेलचा असेल तर तुमच्याकडे चालणार नाही.

जुना माल घ्यायचा असेल तर हेही लक्षात ठेवा: ज्यांच्या प्लेअरला रसिक फार मानतात त्या ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं. असे जुने प्लेअर घेताना लेन्सची अवस्था आणि सुटे भाग मिळतील का, हे रिजनपेक्षा आधी विचारा.

टप्पा ६: दुकानात, पैसे देण्याआधी

मोठ्या शोरूममध्ये प्लेअर आता क्वचित दिसतात. ठाण्यात गोखले रोड आणि स्टेशन परिसरातली जुनी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, वाशीत सेक्टर १७ चा भाग, इथे विचारून बघा. नाहीच जमलं तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. वाशी-नेरूळकरांना हार्बरने सीएसएमटी गाठून पुढे जाता येतं. जाण्याआधी फोन करा, कारण ‘मागवून देतो’ असं सांगणारं दुकान चाचणी करू देत नाही.

पिशवीत तीन डिस्क घ्या: तुमच्या ढिगातली सर्वात अडेलतट्टू परदेशी डिस्क, एक वेगळ्या पद्धतीची डीव्हीडी, आणि ब्लू-रे घेत असाल तर एकाच अक्षराची ब्लू-रे. ‘ऑल’ लिहिलेली डिस्क चाचणीला नेण्यात काही अर्थ नाही. ती कुठेही चालते.

मग या क्रमाने:

१. डिस्क घाला आणि मेनूवर थांबू नका. मुख्य पिक्चर सुरू करा. काही अमेरिकी डीव्हीडींत जास्तीची तपासणी असते. प्लेअर ‘सगळ्या रिजन’वर ठेवलेला असेल तर अशा डिस्क ओळखतात आणि जगाचा नकाशा असलेला संदेश दाखवून थांबतात. तेव्हा प्लेअर खास रिजन १ वर ठेवून पुन्हा लावा. चालली तर प्लेअर चांगला. रिजन हाताने निवडताच येत नसेल तर असा प्लेअर रिजन १ च्या मोठ्या संग्रहाला घेऊ नये.

२. मधल्या प्रकरणावर जा. दोन थरांच्या डीव्हीडीत मध्यावर कुठेतरी थर बदलतो, तिथे क्षणभर थबकणं ठीक, अडकून बसणं नाही.

३. शेवटच्या प्रकरणावर उडी मारा. एका थराच्या डीव्हीडीत ते बाहेरच्या कडेला असतं, आणि ती कड वाचताना थकलेली लेन्स उघडी पडते. जुन्या मालासाठी ही चाचणी सोडूच नका.

४. डिस्क बदला, दुसऱ्या रिजनची लावा, मग पहिली परत लावा. पहिल्यांदा चाललेली डिस्क परत येताना अडली तर रिजन बदलण्याची पद्धत तुम्हाला अजून समजलेली नाही. तिथेच पुन्हा विचारा.

५. ती बटणं स्वतः दाबून बघा. दुकानदाराच्या हातून झालेलं घरी आठवत नाही.

तपासणी: बिलावर पूर्ण मॉडेल नंबर, ‘ब्लू-रे ए/बी/सी चालते’ किंवा ‘डीव्हीडी सर्व रिजन’ असं वाक्य आणि परतीची मुदत लिहून घ्या.

टप्पा ७: घरी जोडणी

प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही सिस्टिम ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’वर ठेवा. कारखान्यातून ती कित्येकदा ‘पॅल’वर असते, मग अमेरिकी डिस्कचं चित्र पॅलमध्ये ओढूनताणून येतं आणि हालचाल झटके देत दिसते. फर्मवेअरचं आपोआप अपडेट बंद करा, विशेषतः बदल करून घेतलेल्या ब्लू-रे प्लेअरवर. रिजन बदलायची बटणं चिठ्ठीवर लिहून प्लेअरच्या तळाला चिकटवा. सहा महिन्यांनी रिमोट हातात घेतल्यावर ती कुणालाच आठवत नाहीत.

खाडीलगतच्या हवेत, पावसाळ्यात तर जास्तच, ओल आणि धूळ लेन्सचं आयुष्य खाते. प्लेअर बंद कपाटात कोंबू नका आणि महिन्यातून एखादी डिस्क लावत जा.

काही बिघडलं तर: आधी लक्षण वाचा

- रिजन चुकीचा असल्याचा संदेश आला तर कोडचा प्रश्न आहे. टप्पा ५ आणि ६ पुन्हा बघा.
- चित्र आहे पण काळं-पांढरं, किंवा खाली-वर सरकतंय: चित्राच्या पद्धतीचा किंवा चुकीच्या सॉकेटचा प्रश्न. रिजनशी काही संबंध नाही.
- ‘नो सिग्नल’: टीव्हीवर चुकीचा इनपुट निवडला आहे किंवा वायर सैल आहे. एचडीएमआय स्प्लिटर मध्ये असेल तर तो काढून थेट जोडा.
- ‘नो डिस्क’ आणि आतून घरघर: डिस्कचा प्रकार चुकलाय, डिस्कवर चरे आहेत किंवा लेन्स मळली आहे. घरगुती रेकॉर्डिंग असेल तर फायनलाइजचा मुद्दा आठवा.
- चित्र ठीक, पण १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांतच संपतो: बिघाड नाही. सेकंदाला २४ चौकटींचा पिक्चर पॅल डीव्हीडीवर २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो. आवाजही किंचित चढा वाटतो.

परतीची मुदत संपायच्या आत ढिगातल्या *सगळ्या* डिस्क एकेकदा लावून बघा, नुसत्या आवडत्या नाही. प्रत्येक डिस्क दोन मिनिटं सुरुवातीची, दोन मिनिटं शेवटची. जी अडेल तिच्या कव्हरच्या मागच्या बाजूचा आणि स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला फोनवर वर्णन सांगत बसण्यापेक्षा ते दोन फोटो पाठवा, म्हणजे रिजन, पद्धत की लेन्स हा वाद तिथल्या तिथे मिटतो.